वॉर्डातल्या सिस्टर 'चांगलं आहे सर' म्हणून का हसतात?

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी मूळचा देवगडकडचा, नोकरी हॉस्पिटलांना सॉफ्टवेअर बसवून देण्याची. सध्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या ट्रस्टच्या एका हॉस्पिटलात मुक्काम आहे, शंभरेक खाटा. सहा महिने झाले. बिलिंग झकास चालतंय, फार्मसी चालतेय, लॅबचे रिपोर्ट स्क्रीनवर येतात. घोडं अडलंय वॉर्डात. टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, औषध दिल्याची नोंद, इनटेक-आउटपुट (शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं) हे सगळं सिस्टरांनी खाटेपाशीच टॅबवर भरायचं, अशी योजना होती. भरतात, नाही असं नाही. पण परवा सहज नोंदींच्या वेळा काढून बघितल्या. सकाळच्या ड्यूटीचं सगळंच्या सगळं दुपारी एक चाळीस ते दोनच्या दरम्यान! वीस मिनिटांत २८ पेशंटच्या नाड्या. दहाचं बीपी पावणेदोनला, बाराचं इंजेक्शनही पावणेदोनला.

मॅनेजमेंट म्हणतं ट्रेनिंग कमी पडलं, अजून एक घ्या. तीन झालीत. ज्यांच्याकडे नर्सिंग स्टाफने अशी सिस्टीम खरोखर आपली म्हणून वापरली, तिथे काय वेगळं होतं? इथे सिस्टरना विचारलं की 'चांगलं आहे सर' म्हणतात आणि एकमेकींकडे बघून हसतात. ते हसणं मला कळत नाही.

व्हय_म्हाराजा

'चांगलं आहे सर' म्हणजे 'पत्रिका बघून कळवतो'. पुढच्या स्थळाक लागा.

रातराणी

चौदा वर्षं स्टाफ नर्स आहे, सरकारीत, सध्या मेल मेडिकल. एकच विचारते. टॅब आल्यावर कागद गेला का?

खाडीपलीकडचा

@रातराणी, नाही. ऑडिटला लागतो म्हणून दोन्ही चालू ठेवलंय. तात्पुरतं.

रातराणी

मग उत्तर तुम्हीच दिलंत की.

सविस्तर लिहिते, आज ऑफ आहे. सकाळी आठला ओव्हर घ्यायची, म्हणजे आधीच्या ड्यूटीकडून वॉर्डाची माहिती आणि ताबा. मग राउंड. राउंडमध्ये डॉक्टर बोलतात ते केसपेपरवर, तिथून औषधाच्या चार्टवर, तिथून इंडेंटवर (औषधांच्या मागणीवर), तिथून रिपोर्ट बुकात. त्यात डाएट शीट, एमएलसी म्हणजे पोलीस केस असेल तर ते वेगळं, मृत्यू झाला तर ते वेगळं. आता तेच सगळं पुन्हा टॅबवर. दोन ठिकाणी लिहायचं म्हटल्यावर एक मागे पडणारच ना? मागे पडणार तुमचं. कारण डॉक्टर राउंडला कागद बघतात, पुढच्या ड्यूटीची सिस्टर कागद बघते. उद्या कोर्टात बोलावलं तर वकील कागदच दाखवणार. टॅब बघणारे तुम्ही एकटेच, तेसुद्धा वेळा मोजायला!

आणि बाराचं इंजेक्शन बारालाच दिलेलं असतं हो. माझ्या खिशात ग्लोव्हजच्या पाकिटाच्या आतला कागद असतो. पांढरा, गुळगुळीत, पेन छान उठतं. त्यावर खाट नंबर, नाडी, बीपी, कोणाची लघवी किती. तोच आमचा टॅब. पावणेदोनला बसून त्यावरून कागदावर उतरवायचं, उरलेल्या वेळात स्क्रीनवर.

हसतात ते ह्यासाठी.

सुरंगी

ग्लोव्हजचा कागद!!! ताई, तुम्ही माझं गुपित फोडलंत. मी हातावरही लिहिते. घरी आल्यावर नवरा विचारतो, १३०/८० कोणाचं?

आकडेमोड

चांगला धागा. ह्यावर माहिती-प्रणालींच्या अभ्यासकांनी बरंच काम केलंय. १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी साधी मांडणी केली: माणूस नवं तंत्रज्ञान स्वीकारतो ते दोन गोष्टींवर, उपयोगाचं वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का. १९९२ मध्ये डिलोन आणि मॅक्लीन यांनी 'प्रणाली यशस्वी म्हणजे काय' ह्याचे सहा पैलू सांगितले आणि २००३ मध्ये स्वतःचीच मांडणी सुधारली. सुधारणेत भर पडली ती सेवेच्या दर्जाची. म्हणजे प्रणाली चांगली, माहिती चांगली एवढ्याने भागत नाही, अडल्यावर मदतीला कोण येतं हेही मोजा.

एक गोम आहे. ह्या मांडण्या वापर ऐच्छिक असताना जास्त नीट लागू पडतात. नर्सला 'भरा' असा आदेश असतो, त्यामुळे लॉगिन मोजून काहीच कळत नाही. खाडीपलीकडचा यांनी वेळा काढल्या हे म्हणूनच बरं केलं.

व्हय_म्हाराजा

रात्रीच्या अडीचाक मदतीक कोण येता? तां सांगतंय मी. बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! ह्या लेकरान जो काय सर्व्हर बसयलेलो आसा, तेका कोणाची दिष्ट लागली असात, वायर उंदरान कुरतडली असात, पासवर्ड कोण इसारलो असात, तर तां सगळां बारा वाटेन दूर कर रे म्हाराजा!

(सगळ्यांनी म्हणा)

पायरीप्रेमी

व्हय म्हाराजा!

सुरंगी

व्हय म्हाराजा! आणि वायफाय चार नंबर खाटेच्या पुढे पोचू दे रे म्हाराजा.

बाल्या_लांजेकर

मी ब्रदर आहे, आयसीयूत. रात्रीचा किस्सा सांगतो, हॉस्पिटलचं नाव नाही सांगत. आमच्या सिस्टीमला इन्सुलिन, हेपरिन असली जोखमीची औषधं देताना दुसऱ्या नर्सचा पासवर्ड लागायचा. कल्पना उत्तम, दोघांनी तपासूनच द्यायला हवं. पण आयसीयूतून मला स्टेप-डाउनला (आयसीयूनंतरच्या वॉर्डात) टाकलं, तिथे नाइटला मी एकटा आणि एक मावशी. दुसरा पासवर्ड आणू कुठून? पहिल्या आठवड्यात शेजारच्या वॉर्डातून सिस्टर धावत यायची, तिचे बावीस पेशंट सोडून. दुसऱ्या आठवड्यात तिने पासवर्ड सांगून टाकला. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांचे पासवर्ड सॅनिटायझरच्या स्टँडमागे चिकटपट्टीवर. रेकॉर्डला बघाल तर दर रात्री दोघांनी तपासलंय.

आकडेमोड

@बाल्या_लांजेकर, अगदी हेच रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या हॉस्पिटलांबद्दल लिहिलं. तिथे औषध देताना पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड वाचायचा असतो. त्यांना पळवाटांचे १५ प्रकार सापडले आणि त्यामागची ३१ कारणं. पेशंटच्या बारकोडच्या जादा प्रती काढून दुसरीकडे चिकटवून ठेवायच्या आणि तिथूनच वाचायच्या, हा त्यातला एक. कारणं वाचली तर आळस कुठे दिसत नाही. न वाचता येणारे बारकोड, भिजलेल्या-चुरगळलेल्या पट्ट्या, संपलेली बॅटरी, गेलेलं नेटवर्क, आणीबाणी.

डॉ_फुरसं

डॉक्टरांचीही बाजू येऊ द्या. ग्रामीण भागात आहे, पावसाळ्यात सर्पदंश हा रोजचा मामला.

घोणस किंवा फुरसं चावलं की आम्ही वीस मिनिटांची चाचणी करतो. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोनेक मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच आडवी करून बघायची. गोठलं नसेल तर विष चढलंय, प्रतिविष सुरू. ही नळी मांडून घड्याळ बघत बसणारी कोण? सिस्टर. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी परत तीच चाचणी. आमच्याकडे जी सिस्टीम आली तिच्यात एका प्रसिद्ध शहरी हॉस्पिटलासाठी बनवलेले फॉर्म होते. 'रुग्ण मागच्या महिन्यात परदेशी गेला होता का' असा रकाना होता. वीस मिनिटांच्या चाचणीला रकाना नाही! सिस्टर ते 'इतर' मध्ये टाकायची, दुसरी सिस्टर 'शेरा' मध्ये, तिसरी कुठेच नाही. पहाटे तीनला मी शोधतोय, ह्या माणसाचं रक्त गोठलं होतं का? शेवटी वॉर्डातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं सापडलं.

फळ्यावर चौदा खाटा, चौदा ओळी. एका नजरेत अख्खा वॉर्ड. तुमच्या स्क्रीनवर एका पेशंटची माहिती बघायला चार वेळा टिचक्या मारायच्या. वॉर्ड दिसतच नाही.

रातराणी

@डॉ_फुरसं, फळ्याबद्दल शंभर टक्के. सर, पण खरं सांगा, तुम्ही ऑर्डर स्वतः टाइप करता? की 'सिस्टर, तेवढं माझ्या लॉगिनने टाका ना'?

डॉ_फुरसं

पुढचा प्रश्न.

आबोली

वयाने ह्या धाग्यावर मीच मोठी असेन. मेट्रन म्हणून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, आता घरी रतांबे फोडते.

मुलींनो, कागदाची एवढी आरती ओवाळू नका. मी आयुष्यभर कागद तपासलेत. 'पेशंट स्लेप्ट वेल' लिहिलेलं आणि म्हातारा रात्रभर 'आईगं' करत बसलेला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि श्वास! संपूर्ण वॉर्डात सगळ्यांचा श्वास मिनिटाला २०. दम्याचा २०, हर्नियाचा २०, नुसता चेकअपला आलेल्याचाही २०. एकदा मी चिडून म्हटलं, बाई गं, ह्या भिंतीचा मोज, तिचाही वीसच येईल.

कॉम्प्युटरचा उपयोग मला पटला तो इथे. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची 'न्यूज' नावाची गुणपद्धत आहे, २०१२ ची, २०१७ मध्ये सुधारलेली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्धी, ताप ह्यांचे गुण, आणि ऑक्सिजन लावलेला असेल तर त्याचे दोन. बेरीज सात किंवा वर गेली की तातडीने डॉक्टर बोलवा. कागदावर ही बेरीज कोणी करत नाही, मशीन आपोआप करतं. शेवटच्या दोन वर्षांत आमच्याकडे ते आलं. रात्री अपरात्री हाउसमनला (ड्यूटीवरच्या ज्युनियर डॉक्टरला) उठवायचं तर नवख्या पोरीची छाती होत नाही, 'पेशंट बरा वाटत नाही' एवढ्यावर तो उठायचाही नाही. 'सर, स्कोअर आठ आहे' म्हटल्यावर चपला घालून येतो. त्या दिवसापासून पोरी श्वास खरा मोजायला लागल्या. ट्रेनिंग कोणी दिलं नव्हतं.

खाडीपलीकडचा

@आबोली, हे मी वहीत लिहून घेतलं. (कागदावर.)

कोकम_सरबत

नर्सिंगमधलं मला काही कळत नाही, पण मागच्या वर्षी आई ऍडमिट होती. सिस्टर यायच्या त्या चाकांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर ढकलत. दाराच्या उंबऱ्याला चाक अडकायचं. मग आत आल्या की डोळे स्क्रीनवर. 'आजी, दुखतंय का? एक ते दहा मध्ये सांगा.' आई म्हणाली, 'दहा म्हणजे किती गो?' जुन्या सिस्टर कपाळाला हात लावायच्या, त्यातच ताप कळायचा.

सुरंगी

@कोकम_सरबत, कपाळाला हात लावून ताप नाही कळत हो, माया कळते. दोन्ही पाहिजे, मान्य. पण तो आकडा टाकल्याशिवाय आमच्या सिस्टीममध्ये पुढचं पान उघडत नाही. शुद्धीवर नसलेल्या पेशंटलाही विचारते, एक ते दहा.

मी चिपळूणची, सध्या नवी मुंबईत एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात. आमच्याकडे सिस्टीम चालते, म्हणून मूळ प्रश्नावर लिहिते. एक, कागद बंद झाला. एका तारखेला, एका वॉर्डात, पूर्ण. मग पुढचा वॉर्ड. दुसरं म्हणजे ओव्हरची शीट सिस्टीमच छापून देते. पूर्वी ओव्हर लिहायला पाऊण तास मोडायचा, ड्यूटी संपल्यावर थांबून. आता छापते, चार ओळी हाताने वाढवते आणि वेळेत ठाणे लोकल. कोणी विचारलं सिस्टीम का आवडते तर खरं कारण लोकल आहे.

आणि फॉर्म ठरवायला आमच्या इन्चार्ज बसल्या होत्या. वॉर्डात रोज असणाऱ्या. मेट्रन ऑफिसमधल्या नव्हेत. (आबोलीताई, सॉरी.)

नावडतं तेही सांगते. इशारे. पॅरासिटामॉल दिलं तरी लाल चौकट, साधं सलाइन लावलं तरी लाल चौकट. इतक्या चौकटी की बोट आपोआप 'ठीक आहे' वर जातं. खरी धोक्याची येईल तेव्हाही तसंच जाईल, ह्याची मला भीती वाटते.

आबोली

सॉरी कशाला, खरं आहे. मीही ऑफिसात बसूनच सह्या केल्या होत्या.

पायरीप्रेमी

भाषेचं कोणी बोललं नाही. सगळं मराठीत करा, सिस्टर पटापट वापरतील. आपल्याच राज्यात इंग्रजी का?

रातराणी

नको हो! आम्ही जीएनएमला (नर्सिंगच्या कोर्सला) इंग्रजीतच चार्टिंग शिकलो. 'बीडी', 'टीडीएस', 'एनबीएम' ह्या चार्टवरच्या खुणांचं मराठी मी शोधत बसू की सलाइन बदलू? मराठी हवं ते डिस्चार्ज कार्डावर. गोळी जेवणाआधी की नंतर, टाके कधी काढायचे, कशाने परत यायचं. ते आज इंग्रजीत छापून येतं आणि मी त्याच्या मागे पेनाने मराठीत लिहून देते.

पायरीप्रेमी

हे डोक्यात नव्हतं. शब्द मागे. (पायरीबद्दलचा नाही. रसाला पायरीच.)

व्हय_म्हाराजा

देवगडकराच्या धाग्यार येवन पायरी? तुमका स्कोअर आठ.

खाडीपलीकडचा

आंब्यावर वेगळा धागा काढा, मी तिथे भांडायला येतो. आणखी एक विचारायचं होतं: वीज. इथे पावसाळ्यात दिवसाआड जाते.

बाल्या_लांजेकर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेलं होतं. सर्व्हर तळमजल्यावर ठेवणाऱ्याला मी तेव्हापासून कोकणातला समजत नाही.

इन्व्हर्टरने दिवे राहतात, वायफायचा डबा बंद पडतो. त्याला यूपीएस कोणी लावत नाही. आमच्याकडे नंतर एक साधी गोष्ट केली. दर चार तासांनी प्रत्येक वॉर्डाच्या चालू औषधांची यादी आपोआप इन्चार्जच्या मशीनवर उतरते, मशीन यूपीएसवर, प्रिंटर शेजारी. सिस्टीम गेली की छापायची आणि कागदावर चालू. जुने चार्ट फेकू नका, गठ्ठा बांधून कपाटात ठेवा. एक मात्र आधी ठरवा, सिस्टीम आल्यावर मधल्या वेळाचं कोणी भरायचं. आमच्याकडे ठरलं नव्हतं, म्हणून ते आम्हीच घरी जायच्या वेळेला भरलं.

आकडेमोड

डॉक्टरांवरून आठवलं. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय ह्या मोठ्या हॉस्पिटलने डॉक्टरांनी ऑर्डर कॉम्प्युटरवर टाकण्याची सिस्टीम सुरू केली, काही महिन्यांतच डॉक्टरांनी बंड केलं आणि २००३ च्या सुरुवातीला ती गुंडाळावी लागली. नर्सेसनी असं बंड केल्याचं फारसं ऐकू येत नाही.

रातराणी

आम्ही बंड करत नाही, आकडेमोड. आम्ही पावणेदोनला भरतो.

आणि मघाशी लिहायचं राहिलं. आमच्याकडे एकदा रिपोर्ट काढला होता, 'उशिरा दिलेली औषधं'. सिस्टीमने नोंद केली ती वेळ धरून. सहा जणींना मेमो. त्यात मी. औषध दहालाच दिलं होतं, नोंद बाराला केली, मधल्या दोन तासांत सीपीआर चालू होता सात नंबरला. तो माणूस वाचला. मेमोला उत्तर लिहायला लागलं ते लागलंच. त्यानंतर कोणी खरी वेळ टाकेल का? सगळ्या जणी दहा वाजून शून्य मिनिटं टाकायला शिकल्या. खाडीपलीकडचा, तुम्ही ज्या वेळा काढल्यात, त्या कोणाला दाखवल्यात का?

खाडीपलीकडचा

... मॅनेजमेंटच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये दाखवणार होतो. स्लाइड तयार आहे.

रातराणी

नका दाखवू.

डॉ_फुरसं

दाखवा, पण नावं आणि ड्यूटी काढून. शेजारी त्याच दिवसाच्या कागदांचा ढीग ठेवून फोटो लावा.

खाडीपलीकडचा

(अकरा दिवसांनी)

मंडळी, उशिरा लिहितोय.

स्लाइड नाही दाखवली. त्याऐवजी फीमेल मेडिकलला तीन रात्री बसलो. पहिल्या रात्री सिस्टर अवघडल्या, खुर्ची दिली, चहा दिला. दुसऱ्या रात्री विसरल्या. तिसऱ्या रात्री मलाच सलाइनच्या बाटल्या आणायला पाठवलं.

जे बघितलं त्यातलं थोडंसं. टॅब दोन मिनिटांत लॉक होतो. पासवर्ड टाकायला ग्लोव्ह काढायचा, टाकला की नवा घालायचा. सॅनिटायझरचा हात ओला असला तर स्क्रीन बोट ओळखत नाही. एकाच वाडीतल्या दोन आज्या, नाव-आडनाव सारखं, नवऱ्याचं नावही सारखं, खाटा लागून. यादीत दोघी एकाखाली एक. वय दिसायला पुढचं पान. सिस्टरनी एकीच्या खाटेला निळी चिंधी बांधली होती. चिंधीला तोड नाही, मी फक्त यादीत वय आणि खाट नंबर मोठ्या अक्षरांत वर आणला.

ट्रस्टींशी बोललो. एका वॉर्डात पुढच्या पहिल्या तारखेपासून टीपीआर आणि औषधाचा चार्ट कागदावर बंद. डॉक्टर राउंड स्क्रीनवर घेणार, असं त्यांनी मान्य केलंय, लेखी. ओव्हरची शीट छापून निघते, फळ्यासारखं एकच पान, सगळ्या खाटा. वीस मिनिटांच्या चाचणीला रकाना केला, घड्याळासकट. उशिरा केलेल्या नोंदीला खरी वेळ टाकायची मुभा, कारण विचारत नाही. रात्रीचा फोन माझ्याकडे. लाल चौकटी अजून तशाच आहेत, त्यावर डॉक्टरांचं आपसात एकमत होईना.

इन्चार्ज सिस्टरना फॉर्म दाखवला तेव्हा त्या 'चांगलं आहे सर' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, 'हे रद्दी आहे, हे खालचं वर घ्या.' इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आबोली

शिव्या दिल्या म्हणजे वाचलं.

व्हय_म्हाराजा

पत्रिका जुळली! मुहूर्त पयल्या तारखेचो. जेवणाक काय?

रातराणी

छान. एकच तपासा. इनटेक-आउटपुटची चोवीस तासांची बेरीज कुठे तोडताय? रात्री बाराला की सकाळी आठला? ओव्हर आठला होते, आम्ही युरोबॅग (लघवीची पिशवी) मोजून रिकामी आठला करतो.

खाडीपलीकडचा

बाराला.

थांबा, आत्ताच बदलतो.

व्हय_म्हाराजा

व्हय म्हाराजा.